पेजसाहेबांचं वेड

सध्या माझ्या तोंडी एकच नाव आहे, ॲलन पेज. बार रूममध्ये चहा आला की मी सुरू होतो. ज्युनिअर मंडळी फाइल काखेत मारून काढता पाय घेतात. परवा तर विरुद्ध बाजूच्या वकीलसाहेबांनाच गाठलं. आमची केस पुकारायला वेळ होता, ते बाकावर बसले होते, पळणार कुठे? अर्ध्या तासाने ते म्हणाले, "साहेब, तडजोडीची पुरशिस देतो, पण आता पुरे करा."

पुरे कसं करणार? तालुक्याच्या कोर्टात आयुष्य घातलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे नाव आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

सांगितलं ते भाचीने. ती अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला असते. तिचा मुलगा तिथल्या मधल्या शाळेत जायला लागला, तेव्हा तिने शाळेच्या पाटीचा फोटो पाठवला: जस्टिस पेज मिडल स्कूल. खाली लिहिलं होतं, "मामा, तुझ्या लाइनीतला माणूस." कोण हे न्यायमूर्ती म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "आधी फुटबॉल खेळायचे." मला वाटलं, कॉलेजात वगैरे खेळले असतील. आपल्याकडे प्रत्येक न्यायमूर्तींच्या निरोप समारंभात "साहेब उत्तम बॅडमिंटन खेळतात" असं कुणीतरी म्हणतंच. भाची म्हणाली, "तसं नाही रे मामा. वाच जरा."

वाचलं. आणि झोप उडाली.

अमेरिकन फुटबॉल मला कळत नव्हता, अजूनही पुरता कळत नाही. एवढं समजलं की एका संघाचा क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू हातात घेऊन डाव रचतो आणि समोरच्या संघाची पहिली फळी त्याला डाव रचायच्या आत आडवा करायला धावते. म्हणजे कबड्डीत चढाईच्या गड्याला मध्यरेषेवरच धरायचं. फरक इतकाच, की इथे धरणारा आणि धरला जाणारा दोघेही शिरस्त्राणं घालून, शंभर-सव्वाशे किलोचे. ॲलन पेज हा धरणारा. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा डिफेन्सिव्ह टॅकल. जिम मार्शल, कार्ल एलर, गॅरी लार्सन आणि पेज अशी ती चौकडी. जांभळ्या पोशाखामुळे लोक त्यांना 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणायचे. त्यांचं आपसातलं ठरलेलं वाक्य होतं, क्वार्टरबॅकपाशी भेटू!

आणि हा साधासुधा खेळाडू नव्हे. १९७१ साली असोसिएटेड प्रेसने त्याला अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवलं. बचावफळीतल्या खेळाडूला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. त्यानंतर तो बचावातल्या खेळाडूकडे गेला थेट १९८६ मध्ये, लॉरेन्स टेलरकडे. पंधरा मोसमांत पेज सलग २१८ सामने खेळला, एकही न चुकवता. हे वाचताना मला आमच्या कोर्टातल्या तहकुबीच्या अर्जांची आठवण झाली आणि जरा ओशाळायला झालं.

आता तुम्ही म्हणाल, मोठा खेळाडू होता, खेळ संपला, मग वकील झाला, छान. नाही हो! इथेच तर मी उडालो. वकिलीचं वेड आधीचं आहे. फुटबॉल मध्ये आला.

ॲलनचा जन्म १९४५ चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावातला. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. कृष्णवर्णीय मुलाने मोठं होऊन तिथेच भट्टीवर लागायचं, हे जवळजवळ ठरलेलं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' खटल्यात निकाल दिला, की गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेला धरून नाही. तेव्हा हा पोरगा आठ-नऊ वर्षांचा होता. कायद्याने जग बदलता येतं हे त्या वयात त्याच्या डोक्यात बसलं. त्यात पुढे टीव्हीवर पेरी मेसन आला, जवळजवळ प्रत्येक खटला जिंकणारा मालिकेतला वकील. फुटबॉलचं काहीच ठरलेलं नव्हतं, वकील व्हायचं मात्र पक्कं होतं. तेरा वर्षांचा असताना आई गेली. शिक्षण सोडू नकोस हे घरातलं सांगणं टिकलं.

आणि मग हा योग बघा. शाळा संपायच्या सुमाराला, १९६२-६३ मध्ये, कँटनमध्ये एक इमारत उभी राहत होती. तिच्या बांधकामावर जे मजूर होते, त्यांत हा पोरगाही होता. इमारत कसली? व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'ची! त्या खेळातले सर्वश्रेष्ठ जिथे कायमचे नोंदवले जातात, ती वास्तू. पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला. एखाद्या मराठी सिनेमात हे दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

नोत्र दाम विद्यापीठात तो राज्यशास्त्र शिकला. १९६६ साली त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर घेतलं. मिनेसोटात पोचल्यावर लवकरच त्याने सेंट पॉलच्या एका लॉ कॉलेजात नाव घातलं आणि थोड्याच आठवड्यांत सोडूनही दिलं. मला हे फार आवडलं. पहिल्या वर्षी संविदा कायद्याचं पुस्तक उघडून मिटणारे आपण एकटेच नसतो! पुढे तो पुन्हा गेला, या वेळी मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये, आणि १९७८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. हे सगळं लीगच्या ऐन बहरातल्या काळात, सराव, प्रवास आणि रविवारचे सामने सांभाळून. आमच्याकडे नोकरी करून रात्रीच्या वर्गात एलएल.बी. झालेले कितीतरी आहेत, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांना दिवसभर कुणी शंभर किलोच्या माणसांवर फेकत नव्हतं.

यातला १९७५ चा डिसेंबर मी तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा वाचला. बाद फेरीचा सामना, डॅलस काउबॉइज समोर. शेवटच्या क्षणांत डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक याने पन्नास यार्डांचा एक चेंडू देवाचं नाव घेऊन फेकला, तो ड्रू पीअर्सनने पकडला आणि व्हायकिंग्ज १७-१४ ने हरले. पीअर्सनने आमच्या (बघा, 'आमच्या' झाले!) खेळाडूला ढकललं असं त्या बाजूचं म्हणणं. पंचांनी काही दिलं नाही. पेज पंचांशी इतका भांडला की त्याच्यामुळे संघाला पंधरा यार्डांचा दंड बसला. पंचाशी असा भांडणारा माणूस पुढे बावीस वर्षांहून अधिक काळ स्वतः पंचाच्या खुर्चीत बसला!

व्हायकिंग्ज चार सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, खेळले आणि चारही हरले: कॅन्सस सिटीकडून, मायामीकडून, पिट्सबर्गकडून, ओकलंडकडून. पेज चारही सामन्यांत होता. विजेत्याची अंगठी त्याला कधीच मिळाली नाही.

मग १९७८. लॉची पदवी हातात आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संघाने त्याला सोडलं. कारण? तो बारीक झाला होता. पत्नी डायान यांना सिगारेट सोडायची होती म्हणून त्या धावायला लागल्या, त्यांच्यासोबत हाही धावू लागला आणि त्याला त्याची गोडी लागली. वजन उतरलं. प्रशिक्षकांना त्या जागी वजनदार माणूस हवा होता. शिकागो बेअर्सने त्याला उचललं आणि तिथे तो १९८१ पर्यंत खेळला. दरम्यान १९७९ मध्ये त्याने पूर्ण मॅरेथॉन पार केली, लीगमध्ये खेळत असताना असं करणारा तो पहिला. त्याच वर्षी मिनियापोलिसच्या एका वकिली फर्ममध्ये कामाला सुरुवातही केली. म्हणजे मोसमात शिकागोचा खेळाडू आणि एरवी मिनियापोलिसचा वकील. जन्मगाव कँटन, पण वकिलीसाठी त्याने आपलं म्हणून निवडलं ते हे दुसरं गाव, जिथल्या संघाने त्याला नारळ दिला होता.

खेळाडूला आपण सर्रास अरे-तुरे करतो आणि वकिलाला अहो-जाहो. तेव्हा इथून पुढे पेजसाहेब.

पेजसाहेब फर्ममध्ये १९८४ पर्यंत होते. १९८५ पासून मिनेसोटा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी वकिलांसारखे. नोकरीविषयक खटले, रोजच्या तारखा, कागदपत्रं. या वर्षांबद्दल फार काही लिहिलेलं सापडत नाही, आणि मला तेच खरं वाटतं. वकिलीतली बहुतेक वर्षं कुणी लिहून ठेवावीत अशी नसतात. टाळ्यांची सवय झालेला माणूस तिथे टिकला, हे माझ्या लेखी २१८ सामन्यांच्या बरोबरीचं.

आता खुर्चीची गोष्ट, आणि ही ऐकताना आमच्या बारमधले चहा सोडून थांबतात.

मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. आपल्या उच्च न्यायालयासारखं हे न्यायालय, पण तिथे सहा वर्षांची मुदत आणि पक्षाच्या चिन्हाशिवाय मतदान. कागदावर असं. प्रत्यक्षात न्यायाधीश मुदतीच्या मधेच पायउतार होतात, गव्हर्नर रिकाम्या जागेवर आपला माणूस नेमतात आणि पुढच्या निवडणुकीत तो बसलेला न्यायाधीश म्हणून आरामात निवडून येतो. खुली जागा मिळणं कठीण. १९९२ मध्ये अशी एक जागा निवडणुकीला येणार होती. पेजसाहेब उभे राहिले. तेवढ्यात गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली, निवृत्तिवेतनाशी संबंधित एका कायद्याचा आधार घेऊन. मुदत वाढली म्हणजे निवडणूकच नाही. संपलं?

छे! पेजसाहेबांनी दावा लावला. 'पेज विरुद्ध कार्लसन'. ज्या न्यायालयात जायचं होतं त्याच न्यायालयातल्या जागेचा वाद, त्यामुळे तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि या एका प्रकरणापुरतं खास न्यायपीठ बसवावं लागलं. त्या पीठाने पेजसाहेबांच्या बाजूने निकाल दिला. निवडणूक झाली, ते निवडून आले आणि जानेवारी १९९३ मध्ये शपथ घेतली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

म्हणजे, न्यायासनावर बसण्याचा हक्क मागायलाही त्यांना आधी न्यायालयातच जावं लागलं. मी हा निकाल शोधून वाचला. इंग्रजी जड, पण मुद्दा आपल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या निवडणूक अर्जात निघतो तोच: मतदाराचा हक्क मधेच कोण अडवू शकतो आणि कशाच्या जोरावर.

थोडं पाणी घालतो, नाहीतर म्हणाल म्हातारा वाहवला. न्यायाधीश निवडून यावेत हे मला पटत नाही. ज्याच्यापुढे उद्या पक्षकार म्हणून उभं राहायचं त्यालाच आज मत द्यायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. आणि पेजसाहेबांना मैदानावरच्या नावाचा फायदा झाला हेही उघड आहे. मतपत्रिकेवर न्यायाधीशपदाच्या उमेदवारांत ओळखीचं नाव एकच असेल, तर शिक्का कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण १९९८, २००४ आणि २०१० मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि तोवर मतदारांसमोर त्यांचे निकालही होते. नुसत्या नावावर माणूस एकदा येतो.

न्यायासनावरचा त्यांचा एक प्रसंग मला सगळ्यांत भावला. २००८ ची मिनेसोटातली सिनेटची निवडणूक, नॉर्म कोलमन विरुद्ध अल फ्रँकन. लाखो मतं आणि शेवटी फरक किती, तर ३१२! फेरमोजणी, टपाली मतांवरून वाद, तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी, मग अपील. मुख्य न्यायमूर्ती फेरमोजणीच्या मंडळावर होते म्हणून ते बाजूला झाले, आणखी एक न्यायमूर्तीही त्याच कारणाने. उरलेल्या पाचांत ज्येष्ठ पेजसाहेब. त्या खालच्या तीन न्यायाधीशांची नेमणूक त्यांनीच केली होती आणि अपिलाची सुनावणीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. साऱ्या देशाचं लक्ष तिथे. ३० जून २००९ ला निकाल आला, पाचही न्यायमूर्तींचा एकमुखी, फ्रँकन यांच्या बाजूने. कोलमन यांनी त्याच दिवशी हार मान्य केली. सात-आठ महिने पेटलेलं प्रकरण एका निकालाने मिटलं. आमच्याकडे बांधाच्या दाव्याचा निकाल लागला तरी पक्षकार कोर्टाच्या पायऱ्यांवरच अपिलाचं विचारतो!

न्यायमूर्ती होण्याच्याही आधीची एक गोष्ट मागे राहिली. व्हायकिंग्जमध्ये असताना एकदा बचावफळीच्या बैठकीत डावांची वही मोठ्याने वाचायची होती. पेजसाहेबांच्या लक्षात आलं की त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काहींना ती धड वाचता येत नाहीये. हे कॉलेजातून आलेले खेळाडू! कुणीतरी त्यांना वर्गावर वर्ग पुढे ढकललं होतं, रविवारी मैदानावर उपयोगी पडतात म्हणून. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. १९८८ मध्ये कँटनला 'हॉल ऑफ फेम'चा सोहळा झाला, तेव्हा आपली ओळख करून द्यायला त्यांनी प्रशिक्षक किंवा संघातला दोस्त बोलावला नाही. मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, विलरीन बीझली, यांना बोलावलं. आणि स्वतः बोलले ते शिक्षणावर. खेळाच्या मंदिरात, खेळाडूंच्या गर्दीत! त्याच वर्षी पती-पत्नीने 'पेज एज्युकेशन फाउंडेशन' सुरू केलं. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना पुढच्या शिक्षणासाठी मदत मिळते, पण अट अशी की त्या विद्यार्थ्याने लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. ही अट कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.

२०१५ मध्ये सत्तरी पूर्ण झाली आणि तिथल्या नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस शांत बसेल असं वाटलं असेल तर सोडा. २०१७ मध्ये मिनियापोलिसमधल्या एका शाळेला त्यांचं नाव मिळालं, भाचीने फोटो पाठवला तीच शाळा. आधी ती अलेक्झांडर रॅम्झी या जुन्या गव्हर्नरच्या नावाने होती. त्या रॅम्झीने १८६२ मध्ये तिथल्या मूळनिवासी डकोटा लोकांना संपवून टाका किंवा राज्याबाहेर हाकला असं म्हटलं होतं. नाव बदला ही मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरली. पुढाऱ्यांनी नव्हे, बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी.

२०१८ मध्ये मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पेज पती-पत्नींच्या संग्रहाचं प्रदर्शन लागलं: गुलामगिरीच्या काळातल्या वस्तू, 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या, असं सगळं. शहरात सुपर बोलची धामधूम चालू असताना! त्याच वर्षी डायान गेल्या. आणि नोव्हेंबरात व्हाइट हाउसमध्ये पेजसाहेबांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. त्या दिवशी मानकऱ्यांत त्यांच्यासोबत कोण होतं? रॉजर स्टॉबाक! १९७५ चा तो चेंडू फेकणारा. दोघं एकमेकांशी काय बोलले असतील, हे जाणून घ्यायला मी एक महिन्याची फी देईन.

२०२० मध्ये त्यांनी आणखी एक उद्योग काढला. मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांना सोबत घेतलं (काश्मिरी घराण्यातले, म्हणून आमच्या बारमध्ये लगेच "आपलेच की" झालं) आणि राज्याच्या घटनेत दुरुस्ती सुचवली. दर्जेदार शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क असावा अशी. नुसती शाळा असून भागत नाही, ती चांगली असली पाहिजे, आणि नसेल तर कोर्टात जाता आलं पाहिजे, असा त्यातला मुद्दा. ब्राउन निकालाच्या वेळचा तो आठ-नऊ वर्षांचा पोरगा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अजून त्याच विषयावर लढत होता.

किती सांगू? नेहमीचा बो टाय. खेळात निखळून काटकोनात वाकलेली करंगळी, आणि तिच्यावर मुलीसोबत लिहिलेलं मुलांसाठीचं अख्खं पुस्तक. तो अजस्र सूझाफोन, शहराची मॅरेथॉन जाते त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून धावणाऱ्यांसाठी फुंकायचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती!

बिल मॅकग्रेन यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आहे, 'ऑल राइज' नावाचं. मराठीत मी शोधलं, मला काही मिळालं नाही. माझी भाषा कोर्टाची. मी लिहिलं तर पहिल्याच पानावर 'येणेप्रमाणे' येईल. तेव्हा किशोरवयीन मुलांसाठी चांगलं लिहिणाऱ्या कुणीतरी हे मनावर घ्यावं, आणि कुणा प्रकाशकाने छापावं. दहा प्रती आमच्या बार रूमसाठी आणि पंचवीस गावातल्या हायस्कुलासाठी मी आत्ताच नोंदवतो. पैसे आगाऊ पाठवतो, पावती मात्र लागेल.